ओळीचा बांध, वाक्याचे पाणी

येलदरीच्या धरणाच्या भिंतीवर उभे राहिले की पूर्णा नदी दोन रूपांत दिसते. एका बाजूला अडलेली, दूरवर पसरलेली. दुसऱ्या बाजूला खाली उतरून पुन्हा वाटेला लागलेली. अजिंठ्याच्या डोंगरांतून येणारी ही नदी जिंतूर तालुक्यात १९६८ साली पुऱ्या झालेल्या या भिंतीशी थांबते, पण संपत नाही. भिंतीने तिला उंची मिळते. त्या उंचीवरून उतरताना पायथ्याच्या वीजगृहातले तीन संच फिरतात, आणि तेच पाणी पुढे सिद्धेश्वर धरणात जाऊन कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या रानांत पोचते.

कवितेतही असेच घडते. ओळ संपते, वाक्य संपत नाही. ते ओळीच्या काठावर क्षणभर अडते आणि पुढच्या ओळीत उतरते. मराठी समीक्षेत यासाठी ‘एन्जॅम्बमेंट’ हा परका शब्द पुष्कळदा जसाच्या तसा येतो. मला ‘ओळओलांड’ म्हणावेसे वाटते, कारण मूळ शब्दाचा अर्थही तोच आहे. फ्रेंचमध्ये ‘जांब’ म्हणजे पाय, आणि त्यावरून आलेले क्रियापद म्हणजे टांग टाकून ओलांडणे. घराचा उंबरठा ओलांडावा तसे वाक्य ओळ ओलांडते.

एका जिन्यावरून उठलेले वादळ

सतराव्या शतकातल्या फ्रेंच पंडितांना हे ओलांडणे खपत नव्हते. बोआलोने १६७४ च्या आपल्या काव्यशास्त्रात मालेर्ब या कवीचे कौतुक केले ते ओळींना शिस्त लावल्याबद्दल: एका ओळीने दुसरीवर सांडू नये, हा त्या शिस्तीचा भाग होता. हा दंडक दीडशे वर्षे टिकला. २५ फेब्रुवारी १८३० रोजी पॅरिसमध्ये व्हिक्टर ह्यूगोचे ‘एर्नानी’ हे पद्यनाटक रंगभूमीवर आले. त्याच्या अगदी सुरुवातीलाच ‘जिना’ हे नाम एका ओळीच्या टोकाला आणि ‘चोरटा’ या अर्थाचे त्याचे विशेषण पुढच्या ओळीत होते. तेवढ्यावरून जुन्या आणि नव्या मतांचे प्रेक्षक एकमेकांवर तुटून पडले. एका विशेषणाच्या जागेसाठी माणसे भांडली, इतकी त्यांना ओळ मोलाची वाटत होती.

इंग्रजीत मिल्टनने १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये यमक सोडून अर्थ ओळीमागून ओळ वाहू दिला. मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ मध्ये ‘मेघनादवध’ लिहून तोच ओघ बंगालीत आणला.

आपल्या घरातली जुनी वाट

म्हणून ही चीज परदेशातून आली असे कोणी म्हणेल, तर आपल्याच घराकडे पाहावे. एका वाक्याने अनेक श्लोक व्यापले तर संस्कृत काव्यशास्त्रात त्यांना वेगवेगळी नावे आहेत: दोन श्लोकांचे युग्मक, चारांचे कलापक, पाच किंवा अधिकांचे कुलक. ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात पाचव्या श्लोकापासून नवव्यापर्यंत एकच वाक्य चालते. रघुकुळातल्या राजांची विशेषणे एकामागून एक येत राहतात आणि क्रियापद थेट नवव्या श्लोकात भेटते. इतका वेळ श्रोता ते वाक्य मनात तोलून धरतो.

मराठीत हे काम ओवीने केले. ग्रंथातल्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि यमकाविना. हा आखूड चरण म्हणजे ओवीचा सांडवाच! तिथे अर्थ थांबूही शकतो आणि पुढच्या ओवीत उतरूही शकतो. १२९० च्या ‘ज्ञानेश्वरी’त एका ओवीत ‘जैसे’ निघते, दृष्टान्तावर दृष्टान्त येतात आणि ‘तैसे’ काही ओव्यांनंतर भेटते. त्या दोन शब्दांमधला ताण म्हणजेच ओळओलांड, फक्त मोठ्या पल्ल्याची.

ही वाट आमच्या भागातूनही गेली आहे. जिंतूर–परभणी रस्त्यावरच्या बोरीचे नाव महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकरांचे गाव म्हणून घेतले जाते. त्यांचा ‘शिशुपालवध’ ओवीतच आहे. अभंग रचणाऱ्या संत जनाबाईंचे गंगाखेडही याच परभणी जिल्ह्यात, गोदाकाठी. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. सहा अक्षरांत बोलणे सहसा पुरे होत नाही. ते चरण ओलांडत येते आणि चार अक्षरांच्या शेवटच्या पायरीवर टेकते.

सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या कानांना गझलही ओळखीची. गझलेचा शेर दोन ओळींत पुरा व्हावा हा नियम. पण अर्थ शेराबाहेर गेलाच, तर अशा जोडलेल्या शेरांना उर्दूत ‘कता’ हे नाव आहे.

सुनीतापासून मुक्तछंदापर्यंत

आधुनिक मराठीत या ओलांडण्याला जोर आला तो सुनीताने. केशवसुतांनी १८९२ मध्ये चौदा ओळींची रचना मराठीत आणली. पुढे बरीच सुनीते शार्दूलविक्रीडितात लिहिली गेली. एकोणीस अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर यती. वाक्य कधी यतीपाशी थांबवायचे, कधी ओळीपलीकडे न्यायचे, हा खेळ कवींना सापडला. सावरकरांनी वैनायक वृत्तात यमकाचे बंधनच सोडले. माधव जूलियनांनी १९३७ च्या सुधारित ‘छंदोरचने’त मराठी पद्याची बारकाईने मोजदाद केली. अनिलांच्या १९४० च्या ‘भग्नमूर्ती’त मुक्तछंद दीर्घ कवितेला पेलता झाला. मर्ढेकरांनी उलटे केले: ओवी-अभंगाचा जुना साचा ठेवला आणि त्यात मोडकी, अडखळती आधुनिक वाक्ये भरली. नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या ‘गोलपिठा’त तर वाक्याचा लोंढाच आहे.

‘नाही’ कुठे ठेवायचे

मराठीत ओळओलांडीला एक खास बळ आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही नंतर. या लेखापुरत्या जुळवलेल्या दोन ओळी पाहा:

यंदाही मिरगात पाऊस आला
नाही, असे आई फोनवर म्हणाली.

पहिल्या ओळीच्या टोकाला पाऊस खरोखर येतो. वाचणाऱ्याच्या मनात क्षणभर ढेकूळ भिजते, मातीचा वास सुटतो. मग नकार येतो. सलग लिहिले तर ती केवळ बातमी राहते. तसेच ‘वाट’ ओळीच्या शेवटी ठेवून ‘पाहिली’ खालच्या ओळीत नेले, तर आधी रस्ता दिसतो आणि मग प्रतीक्षा. मराठवाड्यात वाढलेल्या कोणालाही त्या एका श्वासाची किंमत सांगावी लागत नाही.

म्हणूनच आज हाताला येईल तिथे ओळ तोडलेल्या कविता वाचताना मला वाईट वाटते. भिंत नसेल तर उंची नाही, आणि उंची नसेल तर पाणी नुसते पसरते. वृत्त सोडले म्हणून ओळ सोडून चालत नाही. वृत्ताचा आधार गेल्यावर तर ओळीवरच सगळा भार येतो. लिहिणाऱ्याने प्रत्येक तोडीपाशी स्वतःला विचारावे: इथे थांबल्याने पुढच्या शब्दाला काय मिळाले?

वाचणाऱ्यानेही थोडी मदत करावी. अशी ओळ मोठ्याने वाचताना तिच्या टोकाला अर्धा श्वास घ्यावा, पण आवाज खाली पडू देऊ नये. वरच्या दोन ओळी तशा वाचून पाहा. ‘आला’पाशी आवाज वरच राहू द्या. आईचा ‘नाही’ आपोआप त्याच्या जागी ऐकू येईल.