गाळाच्या बेटांचा मुलूख

नाशिकच्या द्वारका चौकात पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. हिवाळ्यात एखाद्या पहाटे मित्राला मागे बसवून इथून दुचाकी काढावी आणि चांदोरी, सायखेड्याच्या बाजूने निफाड तालुक्यात शिरावं. दुतर्फा द्राक्षबागा, ऊस, गहू, कांदा. चांदोरीला गोदावरीचं पाणी ओसरलं की पात्रातली जुनी दगडी मंदिरं उघडी पडतात. तिथे थांबायलाच हवं.

खरं आकर्षण मात्र पुढे, नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बंधारा बांधला गेला. त्याच्या कालव्यांनी कोपरगाव, राहात्याकडची शेती फुलवली. इकडे बंधाऱ्यामागे नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. पाणी उथळ झालं, मधेमधे बेटं उभी राहिली, त्यांवर गवत आणि पाणवनस्पती माजल्या. धरणाच्या दृष्टीने गाळ म्हणजे तोटाच. पक्ष्यांना मात्र त्यानेच घर दिलं!

काठावरच्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून दुर्बीण लावली की चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, जांभळी पाणकोंबडी दिसतात. आणि काठालगत लगेच शेतं सुरू होतात. शेतकरी आणि पाहुणे पक्षी इतके शेजारी राहतात, हेच या अभयारण्याचं मोठेपण. 2020 च्या जानेवारीत ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं.

जाणाऱ्यांनी सूर्योदयाआधी पोहोचावं, स्थानिक गाइड सोबत घ्यावा आणि कुणाच्या उभ्या पिकात पाय टाकू नये.