ओंजळभर मातीतला वड

लग्नात किंवा नव्या घराच्या दावतीला भेट म्हणून बोन्साय देण्याची पद्धत पुण्यात आता चांगलीच रुळली आहे. कोंढव्याच्या किंवा कॅम्पातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये अशी कुंडी आली की दोन आवाज हमखास निघतात. एक दादीजानचा : ‘‘हे घरात ठेवू नका. झाड खुंटते तशी घराची बरकत खुंटते.’’ दुसरा कॉलेजात जाणाऱ्या नातीचा : ‘‘दादी, बरकतीचे राहू दे, पण एवढ्या मोठ्या झाडाला एवढ्याशा कुंडीत कोंबणे हा जुलूम नाही का?’’

पहिल्या शंकेचे उत्तर आम्हाला सोपे वाटते. दुसरीचे तितके सोपे नाही. आणि बोन्साय म्हणजे काय हे नीट पाहिल्याशिवाय त्या नातीला उत्तर देण्याचा अधिकारही आपल्याला नाही. म्हणून आधी झाडाकडे वळू.

जपानी भाषेत ‘बोन’ म्हणजे उथळ कुंडी किंवा तबक, आणि ‘साय’ म्हणजे लागवड. (आपल्या दुधावरच्या सायीशी त्याचा संबंध नाही, हे मुलांना आधीच सांगून टाकावे!) कलेचे मूळ चीनमधले. तिथल्या एका राजपुत्राच्या इ. स. ७०६ च्या थडग्यातील भित्तिचित्रात तबकात दगड आणि चिमुकली झाडे घेऊन चाललेले सेवक दिसतात. पुढे ही कला जपानने आपलीशी केली, तिला शिस्त दिली, नावे दिली. १९२३ च्या भीषण भूकंपानंतर टोकियोतील काही बोन्साय व्यावसायिक शहर सोडून ओमिया येथे गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचे गावच वसले. ते आजही आहे.

बोन्साय ही झाडाची वेगळी, ठेंगणी जात नव्हे. कुंडीतला वड आणि रस्त्याकडेचा वड यांच्या बीमध्ये काही फरक नसतो. कुंडीतल्या झाडाचे रोप मोकळ्या जमिनीत लावले तर ते पारंब्या सोडत चारी बाजूंनी पसरेल. त्याला लहान ठेवतो तो माणसाचा हात : फांद्यांचे शेंडे खुडणे, दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढून मुळे छाटणे, माती बदलणे, तारेने फांदीला वळण देणे. पाने हळूहळू लहान होत जातात. पण फूल आणि फळ मात्र फारसे ऐकत नाही. डाळिंबाच्या वीतभर झाडाला लागलेले डाळिंब झाडाच्या मानाने इतके मोठे दिसते की लहान मुले ते खोटे समजून हात लावून पाहतात.

आता पाहायचे कसे, याविषयी थोडे. बहुतेक लोक बोन्साय वरून पाहतात, ‘किती छोटे, किती गोंडस’ म्हणतात आणि पुढे जातात. खरे तर गुडघे वाकवून डोळे खोडाच्या पातळीवर आणावे लागतात. मग कुंडी नाहीशी होते आणि आपण एका मोठ्या झाडाखाली उभे आहोत असे वाटू लागते. नजर मुळांपासून सुरू करावी. जमिनीवर चारी बाजूंनी पसरलेल्या मुळांना जपानी लोक ‘नेबारी’ म्हणतात. जुन्या झाडाने जमीन कशी घट्ट धरून ठेवली आहे ते त्यातून कळते. मुळे दिसत नसतील तर झाड मातीत खुंटी ठोकल्यासारखे दिसते. मग खोड : बुंध्याशी जाड, वर निमुळते. साधारण एक तृतीयांश उंचीवर पहिली फांदी, तिच्या विरुद्ध बाजूला थोडी वर दुसरी, आणि तिसरी मागे गेलेली. ही मागची फांदी फार महत्त्वाची. तिच्यामुळेच झाडाला खोली येते, नाहीतर ते कागदावर काढलेल्या चित्रासारखे चपटे भासते. फांद्यांमधल्या मोकळ्या जागाही मुद्दाम राखलेल्या असतात, पाखरू आरपार जाऊ शकेल अशा.

चौकोनी कुंडीत झाड बरोबर मध्यभागी लावत नाहीत, किंचित एका बाजूला लावतात. कुंडीची खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी. झाडाला पुढची आणि मागची बाजू असते आणि शेंडा पाहणाऱ्याकडे हलकासा झुकलेला असतो. आम्हाला तर तो सलाम केल्यासारखाच वाटतो.

प्रकारही पुष्कळ. सरळ ताठ उभे राहिलेले ते ‘चोक्कान’. कड्यावरून खाली लोंबणारे ‘केंगाई’ : त्यासाठी उंच कुंडी लागते आणि झाडाचा शेंडा कुंडीच्या बुडाच्याही खाली जातो. सतत एकाच दिशेने वारा सोसलेले ‘फुकिनागाशी’ पाहिले की आपल्या घाटमाथ्यावरची वाकलेली झाडे आठवतात. एकाच तबकात पाच, सात, नऊ अशी विषम संख्येने झाडे लावून जंगलही उभे करतात. काही झाडांवर वाळलेली, पांढरी पडलेली फांदी मुद्दाम राखलेली असते. वीज पडून गेली, झाड मात्र जगले, अशी त्यामागची कल्पना. आमच्या मते पारंब्यांचा वड मात्र आपल्या हवामानातच शोभतो. पाइन आणि मेपलवर पोसलेल्या जपानी कलेत उष्ण प्रदेशांनी घातलेली ती भर आहे.

पुण्याने या छंदाला मनापासून जवळ केले आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत इथे ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन व प्रदर्शन भरले होते. त्यात पुण्याच्या प्राजक्ता काळे यांनी ३,३३३ बोन्साय एकत्र मांडले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. आकडा मोठा आहेच. पण यातले प्रत्येक झाड वर्षानुवर्षे रोज पाणी घालून जगवलेले होते, हे लक्षात घेतले की त्याची किंमत कळते. दरवर्षी जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातही बोन्साय पाहायला मिळतात. आणि जपानी नजर म्हणजे काय हे समजून घ्यायचे तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जावे. ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून, तिथल्या कोराकुएन या तीनशे वर्षांपूर्वीच्या बागेच्या धर्तीवर, दहा एकरांत ते उभारले गेले. तिथे बोन्साय नाहीत, पण पाणी, दगड, हिरवळ आणि छाटलेली झुडपे यांची मांडणी पाहिली की तबकातल्या झाडाची भाषा आपोआप उलगडते.

मॉलमध्ये आणि रस्त्याच्या कडेला बटाट्यासारखे फुगलेले मूळ आणि वर चार पाने अशी कुंडी ‘बोन्साय’ म्हणून विकतात. ते फायकसचे कारखानी रोप आहे. दिसायला वाईट नाही, पण त्यावरून या कलेचा अंदाज बांधू नये.

आता दादीजानच्या शंकेकडे. शकुन-अपशकुन इस्लामने नाकारले आहेत, ही गोष्ट आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. तरी सवयीने जिभेवर येतेच. शेजारपाजारच्या वास्तूच्या समजुती आपल्याकडे येतात आणि ‘बरकत’ हा आपला शब्द पांघरून बसतात. बरकत देणारा अल्लाह आहे. एखादी कुंडी ती अडवू शकते असे मानणे हे त्या कुंडीला नको इतके महत्त्व देणे होय. दादीजानचा आदर राखूनच, पण एवढे तिला सांगायला हवे.

नातीच्या प्रश्नात मात्र वजन आहे. काही जण तर याला अल्लाहच्या निर्मितीत केलेली ढवळाढवळ समजतात. आम्ही मुफ्ती नाही. ज्यांना मसला विचारायचा आहे त्यांनी आलिमांना विचारावा. पण काही गोष्टी साध्या डोळ्यांना दिसतात. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार वर्षातून दोनदा वेल छाटतो, एप्रिलमध्ये तर अगदी खरडून काढतो. त्याला कोणी जुलमी म्हणत नाही. स्पेनमध्ये मुस्लिम राजवटीच्या काळात इब्न अल-अव्वाम यांनी बाराव्या शतकात शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात झाडांच्या कलमांचा सविस्तर विचार आहे. ‘कलम’ हा शब्दच पाहा, लेखणीही तीच आणि झाडाचे कलमही तेच. मदीनेत खजुराच्या झाडांचे परागण हाताने करण्याच्या प्रथेविषयीची हदीस प्रसिद्ध आहे. लोकांनी ते करणे थांबवले, पीक घटले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी दुनियेच्या अशा व्यवहारांतले तुम्ही अधिक जाणता, अशा आशयाचे मार्गदर्शन केले. म्हणजे झाडाला हात लावणे, त्याला वळण देणे हाच गुन्हा, असे म्हणता येत नाही.

मग जुलूम कुठे सुरू होतो? आम्हाला इथे त्या स्त्रीची हदीस आठवते, जिने मांजर कोंडून ठेवले, स्वतः खायला दिले नाही आणि ते आपले आपण शोधून खाईल म्हणून सोडलेही नाही. तिला अजाब झाला तो या दुहेरी निर्दयपणाबद्दल. जमिनीतले झाड पाण्यासाठी मुळे खोल नेऊ शकते. तबकातल्या झाडाची ती वाट आपण बंद केलेली असते. एप्रिल-मेच्या पुणेरी उन्हात उथळ कुंडी एका दिवसात कोरडी पडते. सकाळी फज्रनंतर आणि पुन्हा अस्रनंतर, असे दोनदा पाणी द्यावे लागते. ईदला आठवडाभर गावी जायचे तर शेजाऱ्यांना सांगून जावे लागते. तार वेळेवर काढली नाही तर ती सालीत रुतते. हौसेने आणून टीव्हीशेजारी ठेवलेले आणि महिन्याभरात वाळलेले बोन्साय हा जुलूमच आहे, यात आम्हाला शंका नाही. दावतीत देणाऱ्याने भेट देताना एवढा विचार करावा : ज्या घरी रोज पाणी घालणारे कोणी नाही, तिथे मिठाई बरी.

उलट, चांगले सांभाळलेले बोन्साय अनेकदा माणसापेक्षा कितीतरी जास्त जगते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून तो कुंडीत घडवला जात आहे. त्या साली आपल्या दख्खनमध्ये मलिक अंबर हयात होता आणि शिवरायांचा जन्म व्हायला पाच वर्षे होती. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाने तो पिढ्यान्‌पिढ्या जपला. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी अणुबॉम्ब पडला तेव्हा त्यांची रोपवाटिका स्फोटाच्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर होती. घराच्या काचा फुटल्या. माणसे बचावली, आणि उंच भिंतीच्या आडोशाला असलेला पाइनही बचावला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय भेट दिले, त्यात मासारू यामाकी यांनी हा पाइन दिला. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्यालाच. आणि देताना त्या सकाळविषयी सांगितले नाही. पंचवीस वर्षे तिथल्या लोकांना तो एक सुंदर झाड म्हणूनच माहीत होता. २००१ मध्ये यामाकींचे दोन नातू तो पाहायला आले, तेव्हा ही हकीकत उघड झाली.

मशिदीत मिंबर आला आणि पैगंबर (स.) ज्या खजुराच्या खोडाला टेकून खुतबा देत असत ते खोड विरहाने रडू लागले, तेव्हा त्यांनी त्यावर हात ठेवून त्याला शांत केले, ही रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. झाडाशी असे नाते असू शकते, हे आपल्याला परके नाही.

तरीही नातीचा मुद्दा एका अंगाने शिल्लक राहतो, आणि तो आम्ही झाकणार नाही. झाड लावणे हा सदका आहे, कारण त्यातून माणूस, जनावर, पाखरू खाते, सावलीला बसते. बोन्सायच्या सावलीत मुंगीखेरीज कोणी बसत नाही. ती कला आहे, तिच्यावर सदक्याचे पुण्य चढवू नये. रस्ता रुंदीकरणात पुण्याचे जुने वड जात असताना गॅलरीत छोटा वड ठेवून समाधान मानणेही बरे नव्हे. आमची सूचना अशी की घरात एक बोन्साय आला तर त्याच्या नावाने एक झाड जमिनीत जावे : सोसायटीच्या कुंपणालगत, शाळेच्या आवारात, परवानगी घेऊन कब्रस्तानात. मुलांकडून ते लावून घ्यावे आणि दोन उन्हाळे त्याला पाणी पुरवावे.

ज्यांना स्वतः सुरुवात करायची आहे त्यांनी विकत घेण्याची घाई करू नये. मोमिनपुऱ्यात, भवानी पेठेत, नाना पेठेत, जुन्या घरांच्या भिंतींत आणि पन्हाळ्यांखाली वड-पिंपळाची रोपे आपोआप उगवतात. भिंत फोडतात म्हणून घरमालक ती उपटून फेकतातच. पावसाळ्यात भिंत ओली असताना, मालकाला विचारून, असे एखादे रोप मुळासकट अलगद सोडवावे. पुण्याची काळी माती तबकाला चालत नाही, ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. विटांचे बारीक खडे, थोडी वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे. कापलेल्या फांदीतून पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपून घ्यावा. कुंडी गॅलरीत जिथे चार-पाच तास ऊन येते तिथे ठेवावी. पाहुणे आले तर दिवसभर दिवाणखान्यात, मग पुन्हा बाहेर. पहिली दोन-तीन वर्षे साध्या, खोल कुंडीत रोप मोकळेपणी वाढू द्यावे, कारण खोड जाड होते ते याच काळात. उथळ तबक त्यानंतर, जूनचे पहिले पाऊस सुरू झाले की.