मोटारीची बोलकी किल्ली

नमुन्यादाखल एक किल्ली दिली, कीं रस्त्याच्या कडेला कानस घेऊन बसलेला कारागीर घटकाभरांत तशीच दुसरी घडवून देतो. मोटारीच्या किल्लीचीहि त्यानें अशी प्रतिकृति केली, तर ती कुलपांत बसते, फिरते, दारहि उघडते. एंजिन मात्र सुरूच होत नाहीं, किंवा क्षण दोन क्षण चालून बंद पडतें. दांते अगदीं खऱ्याबरहुकूम असतां गाडीनें ही किल्ली परकी म्हणून ओळखली ती कशावरून?

याचें उत्तर खऱ्या किल्लीच्या काळ्या मुठींत दडलेलें असतें. तेथें तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी कांचेची कुपी, नाहीं तर तेवढाच एक काळा ठोकळा बसविलेला असतो. त्याला ट्रान्स्पाँडर म्हणतात. केसासारख्या तारेचें वेटोळें आणि एक सूक्ष्म चिप, एवढाच त्यांतला ऐवज. बॅटरी नाहीं. बटण दाबून दारें उघडणारी यंत्रणा निराळी. बॅटरी लागते ती तिला.

मग चिपला वीज मिळते कोठून? दुसरें वेटोळें कुलपाच्या तोंडाभोंवतीं असतें. किल्ली फिरवितांच त्यांतून सेकंदाला सुमारें सव्वा लाख आवर्तनें करणारा प्रवाह वाहूं लागतो आणि फॅरडेनें १८३१ सालीं दाखवून दिल्याप्रमाणें किल्लींतील वेटोळ्यांतहि वीज उत्पन्न होते. ती अत्यल्प असली तरी चिपला जागें करण्यास पुरते. हा परिणाम चार-दोन बोटांपलीकडे पोंचत नाहीं. मूठ ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खांत घट्ट गुंडाळली, तर खरी किल्लीहि मुकी होते.

जागी झालेली चिप पूर्वी एक ठराविक अंक सांगे. असा अंक ऐकून कोऱ्या चिपेंत उतरविणें सोपें. तशी यंत्रें बाजारांत मिळतात. पुढें युक्ति सुधारली. गडावरील पहारेकरी एकच परवलीचा शब्द रोज विचारील, तर शत्रु तो ऐकून ठेवील. म्हणून गाडी दर वेळीं नवाच अंक पाठविते. चिप आपल्या पोटांतील गुप्त अंकाशीं त्याचें गणित करून केवळ उत्तर परत धाडते. गाडीनेंहि तेंच गणित केलेलें असतें; दोन्ही उत्तरें जुळलीं तरच एंजिन चालूं दिलें जातें. गुप्त अंक स्वतः कधींच उच्चारला जात नाहीं.

अशा किल्लीची नक्कल बहुधा करीतच नाहींत. नव्या किल्लीची गाडीशीं ओळख करून देतात. चालकापुढील फळीखालच्या जोडणींत यंत्र लावून, गुप्त संकेत देऊन, नवी चिप गाडीच्या नोंदींत घातली जाते. कांहीं गाड्या त्यापूर्वी दोन जुन्या किल्ल्या दाखविण्याचा हट्ट धरतात. हरवलेल्या किल्लीचें नांव नोंदींतून काढतांहि येतें; मग ती चोराच्या हातीं लागली तरी फार तर दार उघडील. एकच किल्ली शिल्लक असतां दुसरी करवून घेण्याचा आळस महागांत पडतो, कारण सर्वच हरवल्या तर खर्च कितीतरी पटींनीं वाढतो.

चोऱ्यांना आळा घालण्यासाठीं युरोपीय संघानें ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींस एंजिन अडविणारी यंत्रणा सक्तीची केली. तथापि कुलूप तितकेंच बळकट, जितका अंक लांब. अमेरिकेंत २००५ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळा येथील संशोधकांनीं एका प्रचलित चिपेची झांकून ठेवलेली गणितपद्धति उकलली. तिचा गुप्त अंक ४० द्विमान स्थानांचा. म्हणजे सुमारें १ लाख १० हजार कोटि शक्यता. त्यांच्या यंत्रांनीं खरा अंक तासाभराच्या आंत हुडकला!

दुसऱ्या एका चिपेचे दोष इंग्लंड व नेदरलंड्समधील संशोधकांनीं शोधले, तेव्हां २०१३ सालीं फोक्सवॅगनच्या मागणीवरून लंडनच्या हायकोर्टानें त्यांच्या निबंधास मनाई केली. एक वाक्य गाळून तो २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. चोराला वाट दिसूं नये ही कारखान्याची चिंता खोटी नव्हती; पण दोन वर्षें मोटारींच्या मालकांनाहि अंधारांत राहावें लागलें, तें कोणाच्या हिताचें?

घरगुती घोटाळा याहून साधा असतो. मूठ झिजली म्हणून बाजारांतून नवी आणतात, पातें तिच्यांत बसवितात आणि जुनी मूठ केरांत टाकतात. गाडी सुरू होत नाहीं, तेव्हां मेकॅनिक प्रथम विचारतो तो केराच्या टोपलीचा पत्ता.