दूरसंपर्क आणि परस्परविश्वास

संकेश्वर, निपाणी आणि गडहिंग्लज हा परिसर दोन राज्यांत विभागलेला असला, तरी पिके, बाजार आणि सोयरीक यांनी तो एकत्र बांधला गेला आहे. या जुन्या संबंधांत आता भ्रमणध्वनीवरील व्हॉट्सॲप गटांची भर पडली आहे. ऊस, मिरची, पाऊस व बाजारभाव यांची माहिती क्षणार्धात गावोगावी पोहोचते. तथापि संपर्क वाढला म्हणजे विश्वासही वाढला, असे म्हणता येत नाही. तो कसा निर्माण होतो, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

सहकाराची शिकवण

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ मध्ये आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे अशी संस्था उभी राहिली. त्या कायद्यानुसार ग्रामीण संस्थांतील सभासदांची जबाबदारी सर्वसाधारणपणे अमर्यादित असे. एकाने कर्ज बुडविल्यास त्याचा भार इतरांवर पडे. साहजिकच सभासद करून घेताना माणूस पारखला जाई. खुद्द संकेश्वर ज्या हुक्केरी तालुक्यात येते, तेथे १९६९ मध्ये स्थापन झालेली ग्रामीण विद्युत सहकारी संस्था आजही वीजवितरण करीत आहे. ओळख, जबाबदारी आणि हिशेबाची पडताळणी या तीन गोष्टींवर सहकार उभा राहतो. दूरसंपर्काच्या गटांनाही हाच नियम लागू पडतो.

एकाच वर्षातील दोन घटना

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोगा परिसरात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आढळली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली. अशा वेळी छायाचित्र पाठवून सल्ला घेता येतो. मात्र ते स्पष्ट हवे. अळीच्या डोक्यावरील उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडील चौकोनात असलेले चार ठिपके दिसले, तरच जाणकारास ती ओळखता येते. येथे प्रत्येक विधान शेतात जाऊन तपासता येते.

याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा बळी घेतला. तशा अफवा त्या काळात भ्रमणध्वनीवरून पसरत होत्या. मूळ संदेश कोणाचा, हे कोणी विचारले नाही. साधन तेच, पडताळणीच्या अभावी पाच जीव गेले.

गट कसा चालवावा

प्रत्येक सभासदाचे नाव व गाव सर्वांस ठाऊक असावे. आलेली माहिती कोणी, केव्हा व कोठे पाहिली, हे विचारावे. औषध फवारणीपूर्वी रयत संपर्क केंद्र अथवा कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. चुकीचा संदेश गेल्यास त्याच गटात त्याची दुरुस्ती करावी. मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत लिहिण्यास मुभा असावी. आठवडी बाजार किंवा ग्रामसभेच्या निमित्ताने सभासदांनी प्रत्यक्ष भेटावे; कारण समोरासमोर बसून बोललेल्या माणसाचा शब्द पुढे दुरूनही मोलाचा वाटतो.

शिक्षक, ग्रामपंचायत कर्मचारी व सुशिक्षित तरुणांनी या कामी पुढाकार घेतल्यास हे साधन अफवांचे वाहन न ठरता सीमाभागातील जनतेच्या परस्पर साहाय्याचे माध्यम ठरेल.