पारदर्शक रिंगा पिवळ्या का पडतात? ब्रेसेसचा रंग निवडण्यामागचं रसायनशास्त्र

मागच्या महिन्यात मी जळगावहून मामाकडे धुळ्याला गेले होते. मामेबहीण नववीत आहे, नुकत्याच तिच्या दातांना तारा बसवल्यात. जेवताना बघते तर ही ओढणी तोंडावर धरून हसतेय. काय झालं विचारलं तर बोलेना. शेवटी आजीच म्हणाली, "ती दात घासस का नही, इचार तिले!"

झालं होतं असं, की तारा कोणाला फारशा दिसू नयेत म्हणून तिने पारदर्शक रबरी रिंगा निवडल्या होत्या. आठवड्याभरात त्या पिवळ्याजर्द झाल्या. घरातल्या सगळ्यांनी मिळून निकाल दिला: पोरगी ब्रश करत नाही. ती बिचारी दिवसातून तीनदा घासत होती, तेही जोर लावून.

माझं संशोधन पॉलिमरवर आहे, त्यामुळे हा खटला माझ्याकडे आला. निकाल बहिणीच्या बाजूने लागला. कसा, ते सांगते. तुमच्याही घरात तारा लावलेलं एखादं पोर असेल, तर त्याला ओरडण्याआधी हे वाचा.

आधी रिंग कसली ते बघू

प्रत्येक दातावर एक छोटा चौकोनी ब्रॅकेट चिकटवलेला असतो. त्याच्या खाचेतून तार जाते. तार खाचेतून निसटू नये म्हणून ब्रॅकेटभोवती रबराची बारीक रिंग अडकवतात. रंग निवडायचा असतो तो या रिंगेचा. ही रिंग साधारणपणे पॉलियुरेथेन नावाच्या पॉलिमरची असते. नेलेल्या ट्रेमधले रंग वेगळे दिसले तरी रबर तेच, फक्त त्यात मिसळलेलं रंगद्रव्य वेगळं.

पॉलियुरेथेनच्या साखळीत काही भाग कडक असतात आणि काही मऊ. मऊ भागामुळे रबर ताणलं जातं. तोंडातल्या उबेत हे मऊ भाग सतत हलत असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक फटी तयार होत राहतात. एखाद्या छोट्या रेणूला आत शिरायला तेवढी वाट पुरते.

आत शिरतं कोण?

हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कुरकुमिन. हा रेणू पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात मात्र छान विरघळतो. खात्री करायची तर एका वाटीत पाणी घ्या, दुसरीत गरम तेल, दोन्हींत चिमूटभर हळद टाका. पाण्यातली हळद थोड्या वेळाने तळाशी बसते. तेल मात्र पिवळं होतं आणि पिवळंच राहतं.

आता आपल्याकडची शेवभाजी आठवा. वर बोटभर तर्री, त्यात हळद विरघळलेली, आणि भाजी गरम. कुरकुमिनला तेलासारखी जागा आवडते आणि पॉलियुरेथेन त्याला पाण्यापेक्षा जवळचं वाटतं. त्यामुळे तो रेणू तर्रीतून निघून थेट रबरात मुक्काम करतो. प्लास्टिकच्या डब्यात भाजी नेल्यावर डबा पिवळा पडतो आणि कितीही घासला तरी निघत नाही, तो हाच प्रकार.

ब्रश फक्त पृष्ठभाग साफ करतो. रंग रबराच्या आत आहे. म्हणजे पिवळी रिंग हा दात न घासल्याचा पुरावा नाही. जेवण चवीचं होतं, एवढाच तो पुरावा!

कपड्यावरचा हळदीचा डाग आई उन्हात वाळवून घालवते, कारण प्रकाशात कुरकुमिन तुटतं. पण तोंडात ऊन कुठून आणणार?

मग रंग कोणता घ्यायचा?

कुरकुमिन जांभळा-निळा प्रकाश शोषतं, सुमारे 425 नॅनोमीटरच्या आसपासचा. उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. एवढं कळलं की निवड सोपी आहे.

पारदर्शक आणि पांढरी रिंग सगळेच रंग आपल्यापर्यंत पोहोचू देते. त्यातला निळा हळदीने खाल्ला की पिवळेपणा लगेच दिसतो. शिवाय पांढऱ्याशुभ्र रिंगेशेजारी चांगले दातही पिवळट वाटतात.

आकाशी रिंगेतला निळा कमी झाला की ती हिरवट होते. फिकट गुलाबी नारिंगीकडे झुकते.

मरून, गडद लाल, गडद हिरवा हे रंग निळा प्रकाश आधीच शोषतात. हळदीला खायला फारसं काही उरतच नाही, म्हणून फरक जाणवत नाही. फक्त हिरवी रिंग लांबून मेथीचं पान अडकल्यासारखी दिसू शकते. गडद निळ्यात बदल होतो, पण रंगच इतका दाट की तो सहसा लक्षात येत नाही. आणि गडद रंगाशेजारी दात पांढरे वाटतात.

तारा लपवायच्याच असतील तर पारदर्शकपेक्षा राखाडी बरा. तो धातूच्या ब्रॅकेटमध्ये मिसळून जातो.

आणखी थोडं कामाचं

रिंगा कायमच्या नसतात. साधारण चार ते सहा आठवड्यांनी तपासणीला गेलं की त्या बदलतात, त्यामुळे रंग चुकला तरी महिन्याभराचाच प्रश्न. घरात लग्न असेल तर बदलायची तारीख तीन-चार दिवस आधीची मागा. तार घट्ट केल्यावर एक-दोन दिवस दात दुखतात, तेही तोवर निवळतं. तेव्हा खायला आपली केळी आहेतच. केळीचे वेफर्स मात्र नकोत, कडक खाण्याने ब्रॅकेट निघतात.

रंगाची कटकटच नको असेल तर रिंगेऐवजी बारीक स्टीलच्या तारेने बांधता येईल का, ते डॉक्टरांना विचारा.

डाग काढायला लिंबू चोळू नका. रिंगेतला रंग जाणार नाही, आम्लाने दाताचं एनॅमल मात्र झिजेल. जोर लावून घासण्यातही अर्थ नाही. लक्ष द्यायचं ते ब्रॅकेटच्या कडेला. तिथे अन्न साचून राहिलं तर एनॅमलवर पांढरे डाग पडतात, आणि ते तारा निघाल्यावरही राहतात. पिवळी रिंग कचऱ्यात जाते, दात आपल्याकडेच राहतो. म्हणून पोरांना ओरडायचंच असेल तर रिंगेचा रंग बघून नको, ब्रॅकेटची कड बघून ओरडा.

बहिणीला हे सगळं दोन वाट्या समोर ठेवूनच समजावलं. आजीही बघत होती. पिवळ्या तेलाकडे बघून ती एवढंच म्हणाली, "मंग पोरनी काय चूक?" पुढच्या तारखेला बहिणीने मरून रिंगा घेतल्या. परवा व्हिडिओ कॉल केला तेव्हा ती शेवभाजीच खात होती, आणि ओढणी खांद्यावर होती.