लिस्बनचं भांडण कोकणात (लेखांक नववा)

मागच्या आठवड्यात आपण ग्रानाडाला थांबलो होतो. १४९२ साली स्पेनमधली शेवटची मुसलमान राजवट गेली आणि ७११ साली तारिकच्या स्वारीने सुरू झालेलं प्रकरण मिटलं, असं शाळेच्या पुस्तकात असतं. मिटलं कुठलं? शेजारच्या पोर्तुगालने ते केव्हाच जहाजावर चढवलं होतं. लिस्बन त्यांनी ११४७ साली मुसलमानांकडून घेतलं, तेही जेरुसलेमच्या वाटेवर असलेल्या दुसऱ्या क्रुसेडच्या सैनिकांना मध्येच थांबवून. १४१५ साली आफ्रिकेच्या काठावरचं सेउता घेतलं. टेम्प्लर या लढवय्या साधूंचा संघ पोपने मोडीत काढल्यावर पोर्तुगालच्या राजाने त्याची मालमत्ता 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' या नव्या संघाकडे वळवली. त्याच संघाचा क्रूस शिडांवर घेऊन वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला.

उतरल्यावर पहिली गंमत झाली. एका देवळात नेल्यावर या मंडळींनी ते चर्च समजून प्रार्थना केली. भिंतींवरच्या 'संतां'ना चार-चार, पाच-पाच हात होते आणि दात ओठांबाहेर आलेले होते, अशी नोंद त्याच सफरीच्या रोजनिशीत आहे. जगात ख्रिस्ती आणि मुसलमान एवढीच माणसं असतात, असं घरूनच ठरवून निघाल्यावर दुसरं काय होणार? जो मुसलमान नाही तो ख्रिस्ती, एवढा सोपा हिशेब.

आपल्या किनाऱ्याला हा हिशेब ठाऊकच नव्हता. अल-मसूदी हा अरब प्रवासी ९१६ च्या सुमाराला चौलला आला, तेव्हा तिथे त्याला दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहताना दिसले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकठिकाणचे. त्यांचे तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवी आणि त्याला नेमणारा राजा हिंदू. त्या वेळी वर राष्ट्रकूट सम्राट आणि चौलला शिलाहार झंझ. पन्हाळ्याचा भोज ज्या शिलाहार कुळातला, त्याचीच ही कोकणातली शाखा. त्याहून बोलका पुरावा पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला ९२६ चा ताम्रपट. संजाणचा कारभार तेव्हा एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. नाव मुहम्मद, संस्कृत लिहिणाऱ्याने त्याचं 'मधुमती' करून टाकलं. या मधुमतीने नदीवर फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातलं, आणि त्याच्याच संमतीने भगवतीच्या मठाला जमीन मिळाली. क्रुसेड सुरू व्हायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं अवकाश होता.

अशा किनाऱ्यावर तोफा आल्या. मार्च १५०८ मध्ये चौलजवळ इजिप्तच्या मामलुक सुलतानाच्या आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाझने मिळून पोर्तुगीजांना गाठलं. त्यात व्हाइसरॉय अल्मेइदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. सूड घ्यायला निघालेल्या बापाने डिसेंबरअखेर दाभोळ जाळलं. दाभोळ बंदर आदिलशाहीचं; चौलच्या लढाईशी त्याचा संबंध नव्हता. पण मुसलमानाचं बंदर ना, मग झालं! याच काळात व्हेनिसचे ख्रिस्ती व्यापारी मात्र कैरोच्या सुलतानाला चिथावत होते, कारण मिरीचा त्यांचा धंदा पोर्तुगीजांनी बुडवला होता.

गोवा १५१० साली पडलं, आणि तिथे तर हिशेब आणखी बिघडतो. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला गोव्याकडे वळवणारा होता तिमय्या, होन्नावरचा हिंदू दर्यावर्दी. विजापूरचा यूसुफ आदिलशहा वारलेला, गादीवर पोरवयाचा इस्माईल; हीच वेळ आहे, असं तिमय्याचं म्हणणं. शहर एकदा घेतलं, मे महिन्यात हातचं गेलं आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतलं. चार दिवस मुसलमानांची कत्तल चालली, शेतकरी आणि ब्राह्मण यांना मारू नये असा आपला हुकूम होता, हे अल्बुकर्कने स्वतः राजाला कळवलं आहे. सहा हजार जीव गेले, हाही त्याचाच आकडा. त्यात लपवाछपवी नाही की खंत नाही. कामगिरीचा अहवाल आहे तो.

आता कोल्हापूरकरांनी पन्हाळ्याचा तीन दरवाजा आठवावा. तिथला फारसी शिलालेख पहिल्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. हा इब्राहिम म्हणजे गोवा गमावलेल्या त्या पोरसवदा इस्माईलचा मुलगा. बापाचं गोवा तो परत घेईल असं वाटतं ना? त्याने १५४३ साली बारदेश आणि साष्टी हे दोन प्रांत पोर्तुगीजांना देऊन टाकले. कारण भाऊबंदकी. पोर्तुगीज कागदांत मिआले खान म्हणून येणारा गादीचा दावेदार गोव्यात आश्रयाला बसला होता आणि त्याला दूर मलाक्काला धाडून देण्याच्या बोलीवर हा सौदा झाला. पोर्तुगीजांनी मुलूख घेतला आणि माणूस काही मलाक्काला धाडला नाही. दावेदार हाताशी असला की विजापूर दबून राहतं, एवढं राजकारण त्यांना कुणी शिकवायला नको होतं. धर्मयुद्धाचा क्रूस शिडावर होता. दप्तरातली भाषा मात्र घाटावरच्या कुठल्याही देशमुखाला समजली असती.

धर्म अशा वेळी नाहीसा होतो असं मात्र नाही, तो भलत्याच जागी टोचतो. समुद्रावर जायचं तर पोर्तुगीजांचा परवाना, कार्ताझ, घ्यावा लागे. मक्केच्या यात्रेकरूंचं जहाजही त्यातून सुटलं नाही. या परवान्यावर मरियम आणि येशू यांची चित्रं असत. अकबराच्या दरबारातला कट्टर मुल्ला बदाऊनी याने त्याचा राग नोंदवून ठेवला आहे: हजला निघायचं, तर आधी हे चित्र खिशात घालायचं.

मलबारच्या झैनुद्दीन मखदूमने पोर्तुगीजांविरुद्ध अरबीत एक ग्रंथ लिहिला आणि तो अर्पण केला अली आदिलशहाला, म्हणजे इब्राहिमच्या मुलाला. या अलीने १५७० अखेर गोव्याला वेढा घातला, त्याच सुमारास अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा चौलवर चालून गेला, आणि वर्षभराच्या आत तिकडे भूमध्य समुद्रात लेपांतोची लढाई झाली. ते पुढच्या आठवड्यात.