तिथी पाहून दर्यावर

माळशेज उतरून कल्याणकडे येणाऱ्या मंडळींना रायत्याच्या पुलाखालची उल्हास नदी ओळखीची असते. हीच नदी पुढे शहाडच्या अंगाने कल्याणला जाते, तिची खाडी होते आणि वसईच्या किल्ल्याजवळ ती समुद्राला मिळते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकला तोच हा किल्ला.

शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या आणि आसपासच्या नोकऱ्यांपायी गावोगावची माणसे राहिली आहेत. सुगी उरकली की आपण त्यांच्याकडे चार दिवस जातो. दोन खोल्यांत दहा माणसे! बिर्ला मंदिरातल्या विठ्ठलाचे दर्शन झाले की पोरे समुद्राचा हट्ट धरतात. तो पुरवावा. मात्र निघण्यापूर्वी पंचांग काढावे.

पंचांग मुहूर्तासाठी नव्हे, पाण्यासाठी. आपल्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी चंद्राच्या चालीने होते आणि कोळी बांधव तिचा हिशेब तिथीवरून तोंडी करतात. तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी ३ च्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पौर्णिमेला तर पाणी बारा-साडेबाराच्या सुमारास भरते.

आता याचा उपयोग पाहा. पौर्णिमेच्या रविवारी आपण डबे सोडून जेवतो आणि दुपारी दोनला पाण्यात उतरतो, तेव्हा नेमकी ओहोटी लागलेली असते. त्या दिवसांत पाणी चढते जास्त, तसे ओढतेही जोराने. अष्टमीच्या सुमारास हा जोर कमी असतो. दुपारी बाराला पाणी उतरलेले असते आणि मग ते सावकाश चढते. लेकराबाळांसह जायचे तर हा रविवार बरा. पण उघड्या वाळूवरून फार आत जाऊ नये. पुढे पाहत असताना मागच्या सखल जागेत पाणी भरते, आणि ते ध्यानात येत नाही.

आपल्याकडचा विहिरीत मुटके मारणारा गडी इथे हमखास फसतो. मला पोहता येते, असे तो म्हणतो आणि ते खरेही असते. पण विहिरीचे पाणी जागचे हलत नाही, समुद्राचे पाणी माणसाला घेऊन जाते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, तेव्हा पावसाळा नव्हता की वादळ नव्हते. गुडघाभर पाण्यापुढे जाऊच नये. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीतून बाहेर पडावे आणि मग आत यावे. दुसरा कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी न टाकता दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा, आरडाओरडा करून कोळ्यांना बोलवावे, १०८ ला फोन करावा. एकाला काढायला गेलेले दोघे बुडाल्याच्या बातम्या आपण किती वाचतो!

जायचे कुठे? माझे मत अर्नाळ्याला. शहाडहून लोकलने दादर, तिथे पश्चिम रेल्वेची विरार गाडी आणि विरारहून बस किंवा रिक्षा. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून आदल्या दिवशीच चौकशी करावी. दादरला म्हातारी माणसे आणि मुले मध्ये घेऊन चढावे. दिवा-वसई मार्गही आहे, पण त्यावर गाड्या मोजक्या. सकाळी लवकर निघाल्यास ऊन चढायच्या आत पोचता येते.

अर्नाळ्याचा किल्ला समुद्रातल्या बेटावर आहे, होडीने जावे लागते. होडीत पाय ठेवण्याआधीच परतीची वेळ विचारून घ्यावी. किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली दिसेल. वास सोसवत नसेल तर वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे, नाक मुरडू नये; आपल्या खळ्यावरच्या रासेसारखेच ते त्यांचे पीक आहे. आणि तिथल्या कोळणीने “आज पाण्यात जाऊ नका” म्हटले, तर आपला तिथीचा हिशेब बाजूला ठेवून तिचे ऐकावे. जून ते सप्टेंबर तर पाण्यात उतरायचेच नाही.

परतताना वाटेत आगाशी लागते. इथली सुकेळी नावाजलेली. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, गाळायचे नाही की तळायचे नाही. हिवाळ्यात-उन्हाळ्यात गेलात तर विचारून पाहा; करणारी घरे आता थोडीच उरली आहेत. एखादा वाडीवाला भेटला तर केळीला पाणी कसे देतो तेही विचारा. शेतकऱ्याला शेतकरी भेटला की तो मोकळेपणी सांगतो. फक्त गप्पांत विरारची बस चुकवू नका, रविवारी संध्याकाळी त्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते.